चावीच्या घड्याळाला सर्व्हिसिंगची गरज कधी?

धंदा करणाऱ्या माणसाला दोन हिशेब चोख ठेवावे लागतात, एक पैशाचा आणि दुसरा वेळेचा. पैशाच्या हिशेबासाठी आपण वही ठेवतो, मुनीम ठेवतो, वर्षअखेर सारा ताळेबंद तपासून घेतो. वेळेचा हिशेब ठेवणारे जे यंत्र रात्रंदिवस मनगटावर चालते, त्याच्याकडे मात्र ते बंद पडेपर्यंत कोणी पाहत नाही. बंद पडले की मग घड्याळवाल्याकडे धाव घ्यायची आणि त्याने सांगितलेला खर्च मुकाट्याने द्यायचा, असा आपला शिरस्ता आहे.

मोबाईलवर वेळ दिसत असताना चावीचे घड्याळ कशाला, असे नवी पिढी विचारते. पण आपल्या घराघरांतून आजही वडिलांची एच.एम.टी. 'जनता' किंवा 'पायलट' सांभाळून ठेवलेली आहे. सौदी, कुवेत, दुबईला जाऊन आलेल्या भावाने आणलेला 'सिको ५' आहे. काहींकडे आजोबांच्या काळातील 'वेस्ट एन्ड' किंवा 'फेवर-लुबा' आहे. घामाच्या पैशातून घेतलेल्या या चिजा आहेत. यातील बऱ्याच घड्याळांचे सुटे भाग आता नवे मिळत नाहीत. एच.एम.टी.ने जपानच्या सिटीझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला घड्याळांचे उत्पादन सुरू केले. तिची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. आता भाग मिळतात ते जुन्या शिल्लक मालातून, नाहीतर दुसरे घड्याळ मोडून. म्हणून झिजलेला भाग बदलण्यापेक्षा भाग झिजू न देणे हाच फायद्याचा सौदा आहे. त्यासाठी घड्याळाला सर्व्हिसिंग केव्हा हवी आणि केव्हा नको, हे मालकाला स्वतःला ओळखता आले पाहिजे.

आत काय चालते?

चावीच्या घड्याळात स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटताना दातेरी चाके फिरवते. शेवटी बॅलन्स नावाचे एक चाक केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे झोके घेते आणि त्या झोक्यांवर वेळ मोजली जाते. एच.एम.टी.च्या 'जनता'मध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला सुमारे १५ कोटी ७७ लाख. 'सिको ५'च्या नेहमीच्या मशीनमध्ये तासाला २१,६०० ठोके, म्हणजे वर्षाला जवळजवळ १९ कोटी.

एवढे काम करणाऱ्या बॅलन्सच्या आसाचे टोक मिलिमीटरच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतके बारीक असते. ते कृत्रिम माणकाच्या छिद्रात फिरते. डायलवर '१७ ज्वेल्स' लिहिलेले असते ते याच माणकांबद्दल. आपल्या यंत्रमागवाल्या बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. साच्याच्या शाफ्टला जसा बुश, तसे घड्याळाच्या आसाला माणिक. बुशात तेल नसले तरी साचा काही दिवस चालतो, कापडही निघते. पण जॉबरला विचारा, आत शाफ्ट खाल्ला जात असतो. घड्याळाचेही तसेच आहे. त्यातले तेल सुईच्या टोकावर मावेल एवढेच असते. काही वर्षांनी ते सुकते, घट्ट होते किंवा जागा सोडून पसरते. त्यात बारीक धूळ मिसळली की त्याचे वंगण राहत नाही, पॉलिश पेपर होतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. घड्याळ चालू आहे, एवढेच नव्हे तर वेळही बरोबर दाखवते, याचा अर्थ ते आतून निरोगी आहे असा होत नाही. कोरडे घड्याळ मागेच पडते असे नाही. कित्येकदा ते ठीक वेळ देत देत झिजत असते.

आठ दिवसांची वही

घड्याळवाल्याकडे जाण्यापूर्वी आठ दिवस एक छोटी वही ठेवावी. खर्च काही नाही. रोज सकाळी ठरलेल्या वेळी चावी द्यावी, हाताला अडकेपर्यंत पूर्ण द्यावी. मग मोबाईलच्या वेळेशी घड्याळ सेकंदासहित जुळवावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी किती सेकंद पुढे किंवा मागे गेले ते लिहावे. पुन्हा जुळवू नये, फक्त रोजचा फरक लिहीत जावे.

दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात ३० सेकंदांचा फरक पडला तर तो हजार रुपयांत ३५ पैशांचा फरक झाला. जुन्या साध्या घड्याळाने दिवसाला २०-३० सेकंदांचा फरक दाखविला तर त्याला दोष देऊ नये. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर म्हणून तपासून प्रमाणपत्र दिल्या जाणाऱ्या महागड्या घड्याळांनाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते.

खरी पाहण्याची गोष्ट फरक नव्हे, फरकातील सातत्य आहे. रोज ठराविक २० सेकंद पुढे जाणारे घड्याळ ईमानदार आहे. कारागीर ते पाच मिनिटांत जागेवर आणील. एक दिवस ५ सेकंद पुढे, दुसऱ्या दिवशी ५० मागे, तिसऱ्या दिवशी पुन्हा पुढे, असे चालले असेल तर आत काहीतरी अडते आहे असे समजावे. जो गिऱ्हाईक दर महिन्याला आठ दिवस उशिरा पण नक्की पैसे देतो, त्याच्याशी व्यवहार करता येतो. ज्याचा भरवसाच नाही त्याच्याशी नाही. तसेच हे.

दुसरी परीक्षा चावीची. पूर्ण चावी देऊन घड्याळ टेबलावर ठेवावे आणि किती तासांनी थांबते ते पाहावे. बहुतेक साधी घड्याळे ३६ ते ४५ तास चालतात. पूर्ण चावीवर ३० तासही निघत नसतील तर स्प्रिंग थकलेली असते किंवा तेल सुकलेले असते. दोन्ही बाबतींत घड्याळ उघडणे भाग आहे.

तिसरी परीक्षा बैठकीची. एक रात्र घड्याळ डायल वर करून ठेवावे, दुसऱ्या रात्री चावी खाली करून उभे ठेवावे. दोन रात्रींच्या वेळेत थोडा फरक राहणारच. पण तो एका मिनिटाच्या पुढे जात असेल तर सर्व्हिसिंगची वेळ झाली आहे.

आता उशीर नको, असे सांगणाऱ्या खुणा

काचेच्या आतून वाफ धरली तर त्याच दिवशी कारागिराकडे जावे. पाणी आत गेले आहे आणि पोलादाच्या बारीक भागांवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत. घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवून काच साफ झाली म्हणजे काम झाले असे मानू नये. काच स्वच्छ झाली तरी आतला गंज आपले काम करीत राहतो.

घड्याळ थांबते आणि झटका दिला की पुन्हा चालू होते, ही दुसरी खूण. झटके देत देत वर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. कोरड्या आसाला जबरदस्तीने फिरविण्याचा तो प्रकार आहे.

चावी देताना खरखर लागणे, चावी घसरणे, वेळ लावताना काटे सैल किंवा फार जड वाटणे. ऑटोमॅटिक घड्याळ हलविल्यावर आतून घासल्याचा आवाज येणे. तारीख रात्री अर्धीच सरकून राहणे. या सर्व खुणा कारागिराला दाखविण्यासारख्या आहेत. तारखेच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत हाताने तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत अडकलेली असतात आणि जोर लावल्यास दात तुटतो.

'जास्त चावी दिली म्हणून घड्याळ अडकले' हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. चावी पूर्ण दिल्याने घड्याळ अडकत नाही. शेवटी हाताला अडकल्यावर जोर करू नये एवढेच. पूर्ण चावी असूनही घड्याळ चालत नसेल तर दोष चावीचा नाही. आत मळ आणि सुकलेले तेल आहे, म्हणून पूर्ण जोर लावूनही चाके फिरत नाहीत.

सर्व्हिसिंगची गरज नसताना

आता उलट बाजू. प्रत्येक बिघाड म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे, आणि इथेच गिऱ्हाइकाचा पैसा जातो. माझ्या ओळखीच्या एका रेडिमेड कपड्याच्या व्यापाऱ्याचे ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला दहा मिनिटे पुढे जाऊ लागले. एका दुकानदाराने पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे घेतले. दोन दिवसांत घड्याळ पुन्हा तसेच. शेवटी दुसऱ्या कारागिराने ते एका छोट्या यंत्रावर ठेवून मिनिटभरात ठीक करून दिले. घड्याळात लोहचुंबकाचा असर आला होता. बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटली की झोका आखूड होतो आणि घड्याळ धावू लागते. लाऊडस्पीकर, पाकिटाचे चुंबकी बटण, मोबाईलचे चुंबकी कव्हर यांच्याजवळ रोज घड्याळ ठेवल्याने हे होते. काल ठीक असलेले घड्याळ आज एकदम मिनिटे-मिनिटे पुढे जाऊ लागले तर आधी चुंबक काढून पाहण्यास सांगावे. साधे होकायंत्र घड्याळाजवळ नेल्यावर सुई थरथरली तर हा संशय जरूर घ्यावा.

दुसरी गोष्ट ऑटोमॅटिक घड्याळाची. ते हाताच्या हालचालीवर चावी घेते. दिवसभर गादीवर बसून हिशेब करणाऱ्या माणसाच्या हाताची हालचाल किती होणार? रात्री काढून ठेवलेले घड्याळ सकाळी बंद दिसते आणि आपण मशीन बिघडले म्हणतो. आधी दोन दिवस चालते-फिरते राहून, माल काढ-घाल करून पाहावे. कारखान्यात उभे राहून काम करणाऱ्या मुलाच्या हातात तेच घड्याळ दोन दिवस द्यावे. त्याच्या हातावर ठीक चालले तर घड्याळ निर्दोष आहे.

तिसरी, घड्याळ पडल्यानंतर अचानक मागे पडू लागले तर तो आघाताचा परिणाम असू शकतो. डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेले असले तरी ते बॅलन्सच्या आसाला वाचवते, सगळ्या घड्याळाला नाही. अशा वेळी कारागिराला 'पडले होते' हे स्पष्ट सांगावे. हकिमापासून आजार लपवून इलाज होत नाही.

आपल्या धंद्यातील धोके

आपल्या वाचकांत विणकर आहेत, रंगारी आहेत, शिंपी, सुतार, गॅरेजवाले आहेत. प्रत्येकाच्या कामात घड्याळाचा वेगळा शत्रू आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची उड सगळीकडे पसरते. सैल झालेल्या चावीतून ती आत शिरते. रंगाच्या कामात रसायने आणि वाफ. सुताराच्या आणि लोहाराच्या हातोड्याचा प्रत्येक ठोका मनगटावरच्या घड्याळालाही बसतो. काम करताना घड्याळ काढून खिशात किंवा गल्ल्यात ठेवणे हाच उपाय.

आणखी एक गोष्ट आपल्या रोजच्या जीवनातील. वजू करताना कित्येकजण घड्याळ फक्त वर सरकवतात. दिवसातून पाच वेळा त्यावर पाणी पडते. 'जनता'सारखी जुनी घड्याळे पाण्यासाठी बनलेलीच नव्हती. ज्यांच्यावर 'वॉटर रेझिस्ट' लिहिलेले असते त्यांचे रबरही काही वर्षांत कडक होते आणि ती अक्षरे नुसती शोभेची राहतात. डायलवर '३० मीटर' लिहिलेले असले तरी त्याचा अर्थ पाण्याचे शिंतोडे सहन होतील एवढाच, पोहण्याची परवानगी नव्हे. घड्याळ काढून ठेवण्यास दोन सेकंद लागतात. कोकणातील दमट हवेत तर दर पावसाळ्याआधी रबर तपासून घेणे चांगले.

'पेट्रोल वॉश'पासून सावध

सर्व्हिसिंग म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला माहीत नसते म्हणून फसवणूक होते. खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये मशीन पूर्ण खोलतात, भाग न् भाग सुटा करतात. प्रत्येक भाग धुऊन, भिंगाखाली तपासून, जिथे हवे तिथे हव्या त्या जातीचे तेल देतात. चाकांना वेगळे, स्प्रिंगला वेगळे. मग जुळवणी, वेळ लावणे, नवे रबर आणि काही दिवस घड्याळ चालवून पाहणे. हे तासाभरात होणारे काम नाही.

त्याऐवजी काही ठिकाणी डायल-काटे काढून अख्खे मशीन पेट्रोलमध्ये बुडवतात, वाळवतात आणि वरून तेलाचे दोन थेंब सोडतात. घड्याळ चालू होते, गिऱ्हाईक खूश. पण मळाबरोबर राहिलेसाहिलेले तेलही धुऊन गेलेले असते आणि विरघळलेला मळ कोपऱ्यांत जाऊन बसतो. थोड्याच महिन्यांत घड्याळ पुन्हा अडते, आणि या मुदतीत कोरडे चालून झिजते ते वेगळेच. दहा मिनिटांत 'सर्व्हिसिंग' करून देणाऱ्याकडे घड्याळ न दिलेले बरे.

जुने घड्याळ विकत घेतानाही हेच ध्यान ठेवावे. मुंबईत मटन स्ट्रीटच्या चोर बाजारात आणि इतरत्र रंगीबेरंगी नव्या डायलची जुनी घड्याळे मिळतात. बाहेरून नवे रंगकाम आणि आत वर्षानुवर्षे न उघडलेले मशीन, असा माल पुष्कळ असतो. कापडाचा ताका आपण वरच्या दोन वारांवरून घेत नाही. घड्याळाचेही झाकण उघडून दाखविण्यास सांगावे.

कारागिराला काय विचारावे?

घड्याळ देण्यापूर्वी डायलचा आणि शक्य झाल्यास उघडलेल्या मशीनचा मोबाईलवर फोटो काढावा. पावतीवर घड्याळाचे नाव, नंबर आणि ठरलेले काम लिहून घ्यावे. मशीन पूर्ण खोलणार का, कोणते भाग बदलणार, जुने भाग परत देणार का, किती महिन्यांची हमी, हे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. डायल रंगविण्याची किंवा केस घासून चमकविण्याची परवानगी न विचारता देऊ नये. जुन्या घड्याळाची किंमत मूळ डायलमध्येच असते.

चांगल्या कारागिराकडे टाइमिंग मशीन असते. ते घड्याळाचा आवाज ऐकून बॅलन्सचा झोका किती अंशांचा आहे ते दाखवते. पूर्ण चावीवर, डायल वर असताना २५० ते ३१० अंश झोका असेल तर तब्येत चांगली. २०० च्या खाली असेल तर वेळ बरोबर असली तरी सर्व्हिसिंग हवी. काम देण्याआधीचा आणि नंतरचा आकडा पावतीवर लिहून घेतल्यास दोन्ही बाजूंना वाद राहत नाही.

किती वर्षांनी?

रोज वापरातल्या साध्या घड्याळाला पाच ते सात वर्षांनी सर्व्हिसिंग द्यावी, असा जुन्या कारागिरांचा हिशेब आहे. रोलेक्ससारखी कंपनी आपल्या नव्या घड्याळांसाठी साधारण दहा वर्षे सांगते. पण ती मुदत बंदिस्त केसच्या, नव्या तेलाच्या घड्याळाची आहे. वडिलांच्या 'जनता'ला ती लावू नये. आणि कपाटात पडून राहिलेले घड्याळ 'वापरलेच नाही' म्हणून ताजे समजू नये. तेल पडल्या पडल्याही सुकते. वीस वर्षे बंद असलेले घड्याळ मिळाले तर आधी कारागिराला दाखवावे, मगच रोज चावी द्यावी.

सर्व्हिसिंगचा खर्च कधी कधी घड्याळाच्या बाजारभावाइतका होतो, हे खरे. जे घड्याळ फक्त वेळ पाहण्यापुरते आहे त्याच्या बाबतीत हा हिशेब करून, परवडत नसेल तर दुसरे घ्यावे. ज्याच्याशी घरातील माणसाची आठवण जोडलेली आहे त्याचा हिशेब बाजारभावाने होत नाही. त्याच्यावर वेळेवर थोडा खर्च करणे हेच शहाणपण.

शेवटी कारागिराच्या बाजूने दोन शब्द. घडीसाज हा हुनर आपल्या मोहल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज बॅटरी बदलण्यापलीकडे काम येत नाही म्हणून त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात जात आहेत. डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान मोडणाऱ्या माणसाशी आपण पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा आपणच त्याला पेट्रोलच्या वाटीकडे ढकलत असतो. आपल्या गावात पूर्ण मशीन खोलून प्रामाणिक काम करणारा कारागीर असेल तर त्याला त्याची वाजवी मजुरी द्यावी, चार जणांना त्याचे नाव सांगावे. गिऱ्हाईक राहिले तरच त्याचा मुलगा त्या टेबलावर बसेल, आणि पुढे आपल्या मुलांच्या हातातील घड्याळ उघडणारा कोणी राहील.